कट्यारीची परीक्षा : जव्हार-मोखाड्याकडील जुन्या शस्त्रांच्या निमित्तानें

जुन्या घराण्यांत कागदपत्रांचा शोध घेणाऱ्यास दप्तराच्या रुमालांबरोबर बहुधा एखादें हत्यारही दाखविण्यांत येतें. रुमाल सोडून मोडी वाचण्याची विद्या आपल्या मंडळींत पुष्कळांस अवगत आहे. परंतु हत्यार हातीं आलें म्हणजे तेच वाचक मुठीवरील अक्षरें तेवढीं शोधूं लागतात, आणि अक्षरें न सांपडल्यास घरच्या मंडळींनीं सांगितलेली हकीकत टिपून घेऊन मोकळे होतात. अशा टिपणांत 'शिवकालीन कट्यार', 'अमक्या स्वारींतील खंजीर' अशीं वर्णनें येतात व पुढील लेखक तींच प्रमाण धरून चालतात. कागदाच्या बाबतींत आपण असें कधीं करीत नाहीं. कागदाची जात, शाई, अक्षराचें वळण, मायना, शिक्का इतकें सर्व तपासल्यावांचून कोणी सनद अस्सल मानीत नाहीं. हत्यारासही त्याचा स्वतःचा कागद व स्वतःचें वळण असतें. तें हातानें व डोळ्यांनीं वाचावें कसें, याचा विचार येथें करावयाचा आहे. मूठ व पातें कायमचें एकत्र जोडलेलीं, कमरेस बाळगण्याचीं लहान शस्त्रें, म्हणजे कट्यार, खंजीर, जंबिया, बिचवा व पेशकबज, एवढ्यांपुरताच हा विचार आहे. तलवार व भाला हे विषय निराळे.

जव्हार व मोखाडा हे शेजारचे तालुके अशा विचारास सोयीचे आहेत. दोन्ही आज पालघर जिल्ह्यांत मोडतात (हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून निराळा झाला). परंतु त्यांचा पूर्वेतिहास एक नाहीं. जव्हार हें मुकणे घराण्याचें कोळी संस्थान. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत नांदत होतें. मोखाडा हा इंग्रजी अमलांत शहापूर तालुक्याचा पेटा होता. त्यामुळें १८५७ नंतर लोकांचीं हत्यारें काढून घेण्याचे जे कायदे झाले, व पुढें १८७८ चा जो हत्यारांचा कायदा आला, त्यांचा अंमल मोखाड्यांत सरळ पोंचत होता; जव्हारच्या हद्दींत दरबारची सत्ता होती. शस्त्र कोणत्या हद्दींतील घरांत टिकलें ही गोष्ट म्हणूनच टिपणांत अवश्य असावी. ती बहुधा नसते.

सुरतेच्या स्वारीस जातांना १६६४ सालीं शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारनजीक शिरपामाळ येथें झाला व विक्रमशहा मुकणे यांनीं तेथें त्यांचा सत्कार केला, अशी या भागांत परंपरा आहे. पुढें १६७२ सालीं मोरोपंत पिंगळे यांनीं जव्हार घेतलें. या दोन प्रसंगांमुळें कोठें जुनी कट्यार दिसली कीं ती एक तर महाराजांच्या हातची, नाहीं तर मोरोपंतांच्या स्वारींतली, असें म्हणण्याचा मोह होतो. मोहास आमचा आक्षेप नाहीं. मोहाची नोंद पुराव्याच्या रकान्यांत करण्यास आहे.

या बाबतींत वाघनखांचें उदाहरण ताजें आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याच्या संग्रहालयांत आलीं. ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रजांचा वकील असतांना तीं त्यास मिळालीं, असें त्यांच्या पेटीवरील लेखावरून समजतें. तीं १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या भेटींत वापरलेलींच होत, असें सिद्ध करतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयानें स्वतःच स्पष्ट केलें आहे. यानें वाघनखांचें मोल कमी झालें असें आम्हांस वाटत नाहीं. वस्तु जुनी असणें, ती उपयोगाची असणें व ती अमक्याच प्रसंगाची असणें हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंचीं उत्तरें वस्तूच देते. तिसऱ्याचें कागदाकडून आलें तरच यावयाचें.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. प्रथम मूठ. कट्यारीची मूठ इतर सर्व शस्त्रांहून निराळी असते. दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्यें एक किंवा दोन आडव्या दांड्या, आणि त्या दांड्या मुठींत आवळल्या म्हणजे पातें बोटांच्या सांध्यांपुढें सरळ उभें राहतें. खंजीर हात वळवून मारावा लागतो. कट्यार ठोसा मारावा तशी चालते व सगळ्या खांद्याचें बळ तिच्यामागें येतें. उभ्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंस येऊन हातास आधार देतात, त्यामुळें वार बसतांना शस्त्र मुठींत फिरत नाहीं. हें सर्व वर्णन वाचून कळत नाहीं, कट्यार हातीं धरतांच कळतें. चांगली कट्यार धरली असतां ती हाताची लांबी वाढल्यासारखी वाटते. वाईट कट्यार धरली असतां हातांत कांहीं तरी धरलें आहे असें वाटत राहतें.

मुठीचा आंतील रुंदवा हा पुष्कळांच्या घोंटाळ्याचा विषय आहे. जुन्या कट्यारींत व तलवारींत आजच्या मनुष्याचा पंजा अवघडतो, आणि त्यावरून 'पूर्वींचे लोक लहान हाडाचे होते' असें अनुमान सर्रास काढलें जातें. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. मूठ घट्ट असणें हा दोष नसून कारागिराचा हेतु आहे. बोटें सैल राहिलीं तर शस्त्र वळतें व वार वांया जातो. बोटें शेजारीं शेजारीं दडपून बसलीं पाहिजेत, परंतु दांडीचा कांठ बोटास कापतां कामा नये. यासाठीं चांगल्या कट्यारीच्या दांड्या मध्यें किंचित् फुगीर व कडांस उतरत्या केलेल्या असतात. ज्या कट्यारीच्या दांड्या चौकोनी सळईच्या, कोर न मारलेल्या आहेत, व आंतल्या बाजूस झीज मुळींच नाहीं, ती भिंतीवर टांगण्यासाठींच केलेली असण्याचा संभव फार. याच्या उलट, आंतल्या बाजूची नक्षी झिजली आहे व बाहेरची ताजी आहे, असें दिसल्यास ती खरोखर हातीं वापरली गेली असें समजावें. बनावट झीज करणारे लोक बाहेरून घांसतात. बोटें आंतून घांसतात हें त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं.

मुठीनंतर तोल. नुसतें वजन करून कांहींच कळत नाहीं. शस्त्र आडवें करून एका बोटावर तोलावें व तें कोठें थांबतें तें पाहावें. कट्यारीचा भार मुठीजवळच, पात्याच्या बुडाशीं राहिला पाहिजे. तो टोंकाकडे सरकला तर मनगट लवकर दमतें व टोंक नेमकें जात नाहीं. या ठिकाणीं जव्हार-मोखाड्याचा एक मोठा फायदा आहे. येथील वारली, कोकणा, ठाकर व कातकरी मनुष्य रानांत निघाला कीं कमरेच्या आकडीस कोयता अडकवून निघतो. कोयत्याचा भार मुद्दाम पुढें, पात्याच्या पोटांत ठेवलेला असतो, कारण त्याला फांदी तोडावयाची आहे. हात सोडून दिला तरी लोखंडानें आपल्या वजनानें काम केलें पाहिजे. कोयता आणि कट्यार एकामागून एक हातीं घेतल्यास तोल म्हणजे काय हें ग्रंथ न वाचतां समजतें. आमची तर अशी सूचना आहे कीं एखाद्या हत्याराविषयीं शंका आली तर तें रोज कोयता चालविणाऱ्या मनुष्याच्या हातीं द्यावें व तो काय म्हणतो तें ऐकावें. त्याला शक माहीत नसेल. पण लोखंड कामाचें कीं देखाव्याचें हें तो आपल्याआधीं सांगेल.

पात्याची परीक्षा उजेडाकडे तोंड करून करावी. मुठीकडून टोंकाकडे एका डोळ्यानें पाहिलें असतां पातें सरळ आहे कीं नाहीं, व दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे कीं नाहीं, हें दिसतें. नंतर जाडी पाहावी. लढाऊ कट्यारीचें पातें बुडाशीं रुंद, मध्यें खोलगट करून हलकें केलेलें, मधोमध कणा ठेवलेला, आणि टोंकाशीं पुन्हां जाड असतें. हें जाड टोंक हीच सर्वांत महत्त्वाची खूण होय. तें कड्यांच्या जाळीच्या चिलखतांत घुसावें म्हणून ठेवीत; बारीक टोंक कडीत अडकून मोडेल. पेशकबजाची गोष्ट अशीच. त्याची एकच धार पातळ असते, परंतु पाठीस रुंद, आडवा छेद घेतल्यास इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची पट्टी ठेवून कारागीर त्याला बळ देतो. पातें सर्वत्र सारख्या जाडीचें, पत्र्यांतून कापल्यासारखें असेल, तर तें कितीही सोनेरी असलें तरी शोभेचेंच.

या बाबींत पाश्चात्त्यांच्या अलीकडच्या शस्त्राशीं तुलना उद्बोधक होईल. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांच्या कमांडो पथकांस १९४१ पासून दुधारी, निमुळता सुरा देण्यांत आला. तो शांघाय पोलिसांतील फेअरबेर्न व साइक्स या दोघांनीं आंखला होता. त्याचा तोल मुठीकडे असून हातांत तो फार हलका वाटतो, ही त्याची कीर्ति. त्याचा दोषही तितकाच प्रसिद्ध आहे. टोंक इतकें बारीक होतें कीं तें मोडे. आमच्या लोहारानें टोंक जाड करून जो प्रश्न सोडविला होता, तोच येथें पुन्हां उभा राहिला. हातास गोड लागणें आणि काम निभावणें या दोन कसोट्या आहेत, व चांगलें शस्त्र दोहोंस उतरतें.

कात्रीसारख्या कट्यारीविषयींही येथेंच सांगून टाकतों. दांड्या दाबतांच जिचें पातें फांकून आंतून दुसरें पातें निघतें, किंवा जिच्या दोन बाजूंस लहान पिस्तुलें जडविलेलीं असतात, अशा कट्यारी संग्राहकांस फार आवडतात. त्या कौतुकाच्या वस्तु आहेत. बिजागरीनें पात्याचें सगळें बळ घालविलेलें असतें.

जोड हा पुढचा मुद्दा, आणि इतिहासाच्या दृष्टीनें सर्वांत फलदायी. खंजीर व जंबिया यांच्या मुठींत पात्याचें शेपूट लाख ओतून बसविण्याची आपल्याकडील रीत आहे. नखानें पात्यावर टिचकी मारली असतां स्वच्छ नाद आला तर बांधणी शाबूत समजावी. बोदा आवाज आला तर लाख सुटली आहे. सुटलेली मूठ विस्तवावर धरून पुन्हां बसविण्याचा किंवा आंत शिसें ओतण्याचा उद्योग कोणी करूं नये. लाखेचा जुना थर हाही पुरावा आहे, आणि पातें तापविल्यानें त्याचें पाणी उतरतें.

कट्यारींत मात्र पुष्कळदां निराळाच प्रकार दिसतो. मुठीच्या बुडाशीं दोन लोखंडी पट्ट्या येऊन त्यांच्यामध्यें पातें खिळ्यांनीं ठोकलेलें असतें, आणि पात्यावरील पन्हळी त्या पट्ट्यांखालीं मध्येंच नाहींशा होतात. असें दिसल्यास तें पातें मूळचें कट्यारीचें नव्हे. मोडलेल्या युरोपी तलवारीचा तुकडा कापून तेथें बसविलेला आहे. आपले लोक त्या पोलादास मान देत; परदेशी पात्याच्या तलवारीस 'फिरंग' हें नांव मराठींत रूढ झालें तें यामुळेंच. दक्षिणेंत तंजावरकडील कट्यारींत, ज्यांना हाताच्या पाठीवर फणीसारखें आच्छादन असतें त्यांत, असलीं पातीं विपुल आहेत. तंजावरच्या राजवाड्यांतील शस्त्रागार एकोणिसाव्या शतकांत सरकारनें मोडलें व बराच मोठा भाग मोडीच्या लोखंडांत गेला, ही खेदजनक हकीकत एगर्टन यानें हिंदी शस्त्रांवरील १८८० सालच्या ग्रंथांत दिली आहे. उरलेल्यांपैकीं कांहीं चेन्नईच्या सरकारी संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

जव्हार मुलुखाच्या नैर्ऋत्येस वसई व वायव्येस दमण. वसई १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं घेईपर्यंत हा सारा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. तेव्हां येथील एखाद्या कट्यारींत फिरंगी पातें आढळल्यास आश्चर्य नाहीं, आणि तेवढ्यावरून ती लुटींतली ठरत नाहीं. पातीं व्यापारानेंही येत. पात्यावर 'आंद्रेआ फेरारा' हें नांव किंवा धांवत्या लांडग्याचें चिन्ह दिसलें तर हुरळून जाऊं नये. लांडगा हें आरंभीं पासाउ व पुढें झोलिंगेन येथील कारागिरांचें चिन्ह, आणि फेराराचें नांव तर अनेक पिढ्या अनेकांनीं ठोकलें. प्रसिद्ध कवीच्या नांवावर दुसऱ्याचीं पदें चालतात, तसेंच हें.

आतां पाण्याविषयीं. मुशींत वितळविलेल्या उत्तम हिंदी पोलादाच्या पात्यावर लाटांसारखी बारीक नक्षी उमटते. तिला फार्सींत जौहर म्हणतात. हें पोलाद निजामाबादकडील कोनासमुद्रम् येथें होई व इराणी व्यापारी तें आपल्या देशीं नेत. येथें मोडी वाचणाऱ्यांस एक इशारा द्यावासा वाटतो. 'जौहरदार' म्हणजे जौहर असलेलें पातें. फार्सी शब्द मराठी कारकुनाच्या हातीं कानास लागेल तसा उतरतो, व जव्हर, जव्हार अशीं रूपें संभवतात. एखाद्या जामदारखान्याच्या यादींत 'जव्हारदार खंजीर' असें कांहीं आढळलें, तर तो खंजीर जव्हार संस्थानांतून आला असें लिहिण्यापूर्वीं थांबावें. रत्नवाचक 'जवाहीर' हाही त्याच शब्दाचा भाऊ. त्यामुळें 'रत्नें जडविलेला' असा तिसरा अर्थही डोकावतो. तिहींतला कोणता घ्यावा हें कागद सांगणार नाहीं. खंजीर उपलब्ध असेल तर त्याचें पातें सांगेल. या शब्दाच्या साम्यावरून जव्हार गांवाच्या नांवाची व्युत्पत्ति लावण्याचा उत्साहही आवरावा.

खरा जौहर पात्याच्या अंगांत असतो, म्हणून जेथें उतार बदलतो तेथें नक्षीही ताणली किंवा दबली जाते. तेजाबानें वरून काढलेली नक्षी मात्र भिंतीवरील छाप्याप्रमाणें सर्वत्र सारखी पसरते, व जुन्या खड्ड्यांतून, ओरखड्यांवरून बिनदिक्कत चालत जाते. खात्री करण्यासाठीं स्वतः पात्यावर तेजाब किंवा लिंबाचा रस चोळूं नये. कानस लावून पोलादाचा कस पाहणाऱ्यांविषयीं तर काय बोलावें!

मुठीवरील सोन्याच्या कामासही हाच न्याय. कोफ्तगारींत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांवर सोन्याची तार ठोकतात. सोनें झिजल्यावर त्या रेघा दिसल्या पाहिजेत. गंजाच्या खड्ड्यांत उतरून बसलेलें सोनें हें गंजानंतरचें. तें मूळचें असूं शकत नाहीं. लेखाची परीक्षाही तशीच. अक्षरांच्या खांचा आंतून आजूबाजूच्या लोखंडाइतक्याच काळवंडलेल्या आहेत काय, कीं पांढऱ्या चकचकीत आहेत? अक्षर खड्ड्यावरून गेलें आहे कीं खड्ड्यानें अक्षर खाल्लें आहे? दुसरा प्रकार असल्यासच अक्षर जुनें. हें भिंग घेऊन दोन घटकांत होतें, व याच्या आधीं शकाचा हिशेब करीत बसणें व्यर्थ आहे.

संगिनीपासून केलेल्या खंजिरांची संख्या हल्लीं वाढत आहे. जुन्या सैनिकी संगिनी पुष्कळ. त्यांची बंदुकीस अडकविण्याची कडी कापून, मूठ बदलून, मखमली म्यानांत घातलें कीं 'सरदाराचा खंजीर' तयार होतो. पात्याच्या बुडाशीं चौकोनी, बिनधारेचा भाग पाहावा. त्यावर इंग्रज सरकारची बाणाची खूण असते. आणि खूण नसून तेथें घांसून पडलेला उथळ खळगा असेल, तर तो खळगा खुणेइतकाच बोलका आहे.

शेवटीं राखणीविषयीं, कारण सर्वांत अधिक नुकसान प्रेमानेंच होतें. खंडेनवमीस शस्त्रपूजा होते, गंधाक्षत व हळदकुंकू ओलेंच पात्यावर राहतें आणि वर्षभर तेथें लोखंड खाल्लें जातें. अनेक जुन्या पात्यांवर मुठीनजीक एकाच जागीं जे खड्डे दिसतात त्यांचें कारण बहुशः हेंच. संग्राहकानें त्यांस दोष न मानतां नोंदवावें. हें शस्त्र घरांत पिढ्यान् पिढ्या पुजलें गेलें, याचा तो पुरावा होय. पूजा अवश्य करावी, पण गंध म्यानास लावावें व पातें त्याच दिवशीं कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा हात द्यावा. चिंच, राख किंवा विटेची पूड यांनीं घांसूं नये. तांबडा, भुकटी सुटणारा गंज चालू रोग आहे, तो तेल व मऊ कापड यांनीं हळूहळू काढावा. काळा, घट्ट बसलेला थर मात्र रक्षक आहे, त्यास हात लावूं नये. जव्हार सुमारें दीड हजार फूट उंचीवर आहे, व येथील पावसाळ्यांत घरांतील कापडही दमट राहतें. या महिन्यांत पातें चामड्याच्या किंवा मखमलीच्या म्यानांत ठेवणें म्हणजे ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवणें. म्यान निराळें, पातें निराळें, अशी व्यवस्था आषाढापूर्वींच करावी.

शंभर वर्षांहून जुनें शस्त्र १९७२ च्या पुरावस्तु कायद्याखालीं येतें. तें खासगी रीतीनें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. खंजीर-कट्यारींचा समावेश १९५९ च्या हत्यारांच्या कायद्यांतही आहे, तेव्हां ज्याच्या घरीं असें शस्त्र आहे त्यानें आपल्या भागापुरता नियम विचारून घ्यावा. भीतीपोटीं मोडीवाल्यास देऊं नये. एवढें झालें तरी पुष्कळ.

टिपण घेतांना पुढील मापें इंचांत नोंदविण्याची आमची विनंती आहे: पात्याची लांबी, बुडाशीं रुंदी, जाडी बुडाशीं, मध्यें व टोंकाजवळ, मुठीचा आंतील रुंदवा, आणि तोल बुडापासून किती अंतरावर पडतो तें. त्यापुढें जोडाचा प्रकार, झीज कोठें आहे तें, व शस्त्र कोणत्या गांवीं, कोणत्या जुन्या हद्दींत मिळालें तें. घरची हकीकत सांगणाऱ्याच्या शब्दांत, निराळ्या कागदावर, तारीख घालून लिहावी, आणि त्या घरच्या दप्तरांतील ज्या यादींत त्या शस्त्राचा उल्लेख असेल तिची नक्कल तिला जोडावी.